इंजिन डबल केलं तरी बोट हलेना आणि मागून काळा धूर: पंख्याचं (प्रोपेलरचं) काय चुकतं आणि परत परत का चुकतं

गोव्यात शापोऱ्याच्या जेटीवर पावसातली मासेमारीबंदी उठली की दर वर्षी एखादी तरी बोट अशी दिसतेच, नवीन इंजिन, नवा रंग, नाळेला (पुढच्या टोकाला) हार, आणि मागून धूर असा की कुणीतरी टायर पेटवलाय. दोन वर्षांपूर्वी ती बोट माझी होती. त्यातून बाहेर पडायला मला अर्धा सीझन लागला आणि तीनदा बोट वर काढायचा खर्च झाला. गेल्या महिन्यात हाच प्रॉब्लेम घेऊन दोघेजण घरी येऊन गेले आणि दोघांनाही मेस्तने (मिस्त्रीने) तेच सांगितलं होतं जे मला सांगितलं होतं, म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधी बोट कसली ते सांगतो, नाहीतर आकडे कळणार नाहीत. तीस फुटी फायबर, गिलनेटची (मासा कल्ल्यांना अडकतो त्या जाळ्याची), इंजिन आत बसवलेलं डिझेल. जुनं इंजिन २० एचपी, २००० आरपीएमचं (मिनिटाला फेरे), गिअर बॉक्स २:१, म्हणजे इंजिन दोन फेऱ्या फिरलं की शाफ्ट (पंख्याचा दांडा) एक फेरी, शाफ्टला १००० आरपीएम. पंखा तीन पात्यांचा, १८ बाय १२. पहिला आकडा डायमीटर, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे लाकडात स्क्रू एका फेरीत जेवढा आत जातो ना तसं, पंखा एका फेरीत किती पुढे जायला पाहिजे तो आकडा. पाणी काही लाकूड नाही त्यामुळे तेवढा जात नाही, तो जो फरक पडतो त्याला स्लिप म्हणतात, आणि आमच्यासारख्या जड चालीच्या बोटीला ३५-४० टक्के स्लिप असली तरी त्यात बिघाड काही नाही, स्पीडबोटवाल्यांचे १०-२० टक्के ऐकून घाबरू नका.

जुन्या इंजिनाचा ब्लॉक गेला. ४० एचपीचं, २४०० आरपीएमचं इंजिन चांगल्या भावात मिळालं, गिअर बॉक्स परत २:१ च. मेस्त बघायला आला, जुना पंखा पायाने ढकलून म्हणाला, "इंजीन दुप्पट जालें, मागीर पंखो व्हडलो नाका?" म्हणजे इंजिन दुप्पट झालं, मग पंखा मोठा नको का? बोलणं सरळ होतं, मलाही पटलं, कुणालाही पटेल. २० बाय १५ चा नवा पंखा ओतून घेतला.

नारळी पुनवेनंतर पहिली फेरी. मोरजीच्या समोर बाहेर पडलो, लिव्हर पूर्ण दाबला, आणि धूर. इंजिनाचा आवाज दबलेला, जड, चोर्ला घाट पाचव्या गिअरमध्ये चढवत असल्यासारखा. पाण्याचं टेंपरेचर हळूहळू वर. स्पीड साडेसहा नॉट (ताशी समुद्री मैल), जुन्या इंजिनाला सहाच्या वर थोडा मिळायचा, म्हणजे एवढा खर्च करून हाती काय आलं ते तुम्हीच बघा. मीटर २१०० दाखवत होता. मेस्त म्हणाला नवं आहे, पन्नास तास चालू दे, सुटेल. चालवलं, सुटलं नाही. मग नोझल काढून टेस्टिंगला पाठवले, ते बरोबर निघाले. मग पंपाचं टायमिंग बघितलं, तेही बरोबर. मग कुणीतरी म्हणालं डिझेलमध्ये पाणी असेल. ह्या सगळ्यात सप्टेंबर गेला.

इथे मी काय चुकलो ते आधी सांगतो, कारण ह्यातच नव्वद टक्के उत्तर आहे. मी आरपीएम मोजला नव्हता. मीटर बघितला होता. बोर्डवरचा मीटर आल्टरनेटरवरून (बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोवरून) सिग्नल घेतो, आणि आल्टरनेटरची पुली किंवा त्यातले पोल वेगळे असले आणि मीटर त्याप्रमाणे सेट केला नसला तर तो बिनधास्त खोटं बोलतो. शिवोलीच्या एका ओळखीच्या माणसाकडून हातात धरायचा डिजिटल टॅको (फेरे मोजायचं यंत्र) आणला, लाइट मारून मोजतो तो, हजार-बाराशे रुपयात मिळतो. क्रँकच्या पुलीवर चमकणारी टेप चिकटवली, समुद्रात पूर्ण लिव्हरवर मोजलं, १७४०. ज्या इंजिनाने २४०० वर जायचं ते १७४० वर अडकलेलं, आणि आम्ही मीटरवरचे २१०० बघून "थोडंच कमी आहे" म्हणत बसलेलो. टेप क्रँकच्याच पुलीला लावायची, आल्टरनेटरच्या नाही, आणि लुंगी-गमछा बेल्टपासून लांब ठेवून मोजायचं, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

डिझेल इंजिन आपल्या रेट केलेल्या आरपीएमला पोचत नसेल तर त्याला पूर्ण ४० एचपी मिळतच नाहीत, आणि जेवढे मिळतात ते इंजिन घुसमटून देतं. गव्हर्नर (फेरे सांभाळणारा भाग) बघतो की फेरे कमी पडतायत, तो आणखी डिझेल टाकतो, हवा तेवढीच, मग जळत नाही ते काळं होऊन मागून बाहेर. एग्झॉस्ट तापतो, व्हॉल्व जळतात, पिस्टन चिकटतो. असं एक सीझन चालवलं तर पुढच्या सीझनला इंजिन उघडायचं पक्कं.

आता गणित, घाबरू नका, फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. पंख्याचा भार आरपीएमच्या तिसऱ्या घाताने वाढतो. जुना पंखा शाफ्टच्या १००० आरपीएमला २० एचपी खायचा (हे मला कसं माहीत, तर वडिलांच्या वहीत लिहिलेलं होतं की इंजिन नवं असताना भरलेली बोट बरोबर २००० ला जायची, म्हणजे पंखा तेव्हा बरोबर मापाचा होता). नवं इंजिन २४०० चं, गिअर तोच, म्हणजे शाफ्ट १२००. फेरे फक्त २० टक्के वाढले. पण १.२ गुणिले १.२ गुणिले १.२ करून बघा, १.७३ येतात. म्हणजे तोच जुना पंखा, काहीही न बदलता, नव्या इंजिनावर साडेचौतीस एचपी खाणार होता. ४० पैकी साडेचौतीस! उरले किती, साडेपाच. त्या साडेपाचसाठी मी डायमीटर दोन इंच आणि पिच तीन इंच वाढवून बसलो होतो.

आणि डायमीटरचं तर त्याहून वाईट, तो पाचव्या घाताने चालतो. २० भागिले १८ करा आणि तो आकडा स्वतःशीच पाच वेळा गुणा, १.६९ येतात. पंखा बघायला दोन इंचानेच मोठा, भार मात्र पावणेदोन पटीच्या जवळ, आणि वर पिचचा भार वेगळा. म्हणून एचपी दुप्पट म्हणजे पंखा मोठा हा हिशेब चुकतो, विचारायचा पहिला प्रश्न एचपीचा नाहीच, शाफ्ट किती फिरणार हा आहे. जर माझं नवं इंजिन ४० एचपीचंच पण गिअर ३:१ असता तर शाफ्ट ८०० वर आला असता, आणि मग खरोखर मोठा पंखा लागला असता, आणि तो चालला पण चांगला असता कारण मोठा पंखा हळू फिरवला तर पाणी जास्त चांगलं पकडतो. पण मग तो बोटीखाली बसला पाहिजे.

बसण्याचं पण बघा. पात्याचं टोक आणि बोटीचा तळ ह्यामध्ये डायमीटरच्या निदान १० टक्के जागा पाहिजे. माझ्या बोटीत शाफ्टच्या मध्यापासून तळापर्यंत ११ इंच. १८ च्या पंख्याला ९ इंच गेले, दोन उरले, चालतं. २० च्या पंख्याला १० गेले, एकच इंच उरला. प्रत्येक पातं वरून जाताना तळाला थप्पड मारल्यासारखं धडधड धडधड, मागे बसलेल्या खलाशाच्या चहाच्या ग्लासात लाटा यायच्या. मला वाटलं शाफ्ट वाकडा आहे, अलाइनमेंट करून घेतली, तो खर्च पण फुकट.

मग पहिला उपाय केला तो सगळे करतात तोच, पंख्याची टोकं घासून डायमीटर कमी करणे. २० चा १९ केला. आरपीएम १७४० वरून १९८० ला आला, धूर कमी झाला, सगळे खूश. मी पण. पण २४०० कुठे आणि १९८० कुठे! आणि घासलेल्या पात्यांची टोकं जाड बोथट राहिली, तिन्ही पाती सारखी घासली गेली नाहीत, पंखा बॅलन्समधून गेला, पंधरा दिवसात ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या पॅकिंगमधून) पाणी टपकायला लागलं. घासायचंच असेल तर टोकाची जाडी परत कमी करून आणि बॅलन्स करूनच घ्या, ग्राइंडर घेऊन जेटीवर करायचं काम नाही ते.

दुसऱ्यांदा बोट वर काढली तेव्हा आमचा तांडेल (खलाशांचा प्रमुख) काका म्हणाला, "अरे जुना लावून बघ ना, जातंय काय तुझं?" साठीचा माणूस, गणित-बिणित काही नाही, पण बोलला ते बरोबर. तिथे आणखी एक लफडं होतं. नव्या इंजिनाचा टॉर्क जास्त, म्हणून शाफ्ट सव्वा इंचीचा दीड इंची केला होता (हे मात्र बरोबर केलं होतं, शाफ्टवरचा पीळ १४ किलोग्रॅम-मीटरवरून २४ वर गेला होता, जुना शाफ्ट कधीतरी तुटला असता आणि तोही वादळात, जेटीवर थोडाच तुटतो). त्यामुळे जुना पंखा नव्या शाफ्टवर बसेना. पंख्याचा बॉस (मधला गोळा) जाड होता म्हणून बोअर (त्यातलं भोक) मोठा करून घेता आला. बोअर करताना टेपर (निमुळतेपणा) विचारून घ्या, १:१० चा शाफ्ट आणि १:१२ चा पंखा हातात घेऊन बघितलं तर बसल्यासारखा वाटतो पण खरं तर एकाच कडेवर टेकलेला असतो, सगळा भार चावीवर (पंखा शाफ्टला अडकवणाऱ्या खिळीवर) येतो आणि एक दिवस चावी कापून पंखा मोकळा फिरतो. निळा रंग लावून बसवून काढायचा, रंग आत सगळीकडे उमटला पाहिजे. उमटला नाही तर तिथल्या तिथे परत द्यायचा, "चलता है" ऐकायचं नाही.

जुना १८ बाय १२ लावला. समुद्रात २५००. म्हणजे इंजिन गव्हर्नरला टेकलं, पंखा थोडा हलका पडतोय. स्पीड ६.८. धूर जवळजवळ नाही. जवळजवळ म्हटलं कारण थोडा राहिलाच होता आणि तो पंख्याचा नव्हता, एग्झॉस्टचा होता. इंजिन ४० चं आणि मागचा पाइप अजून २० वाल्याचा, दोन इंची, त्यात दोन एल्बो. इंजिनाला श्वास बाहेर टाकायला जागा नाही. इंजिनाच्या तोंडाला जेवढा पाइप दिलाय त्याच्याहून बारीक पुढे कुठेही नको, हे इंजिन बदलताना कुणीच बघत नाही. तसंच इंजिनाच्या खोलीत हवा येते का ते बघा, मी फळी उघडी टाकून चालवलं तर आरपीएम ४० ने वाढला होता, मग झरोके मोठे केले.

मग तिसऱ्यांदा बोट वर, तोच पंखा पिच वाढवून १३ करून घेतला. फक्त एक इंच. रिकाम्या बोटीला २४४०, जाळी, बर्फ, पाच माणसं आणि मासळी भरून २४००. स्पीड ७.१. इथे थांबलो.

म्हणजे बघा, ४० एचपीला बरोबर बसणारा पंखा निघाला २० एचपीवालाच, एक इंच पिच वाढवलेला. आणि दुप्पट इंजिन घालून वाढला किती, एका नॉटच्या आसपास. हा पंख्याचा दोष नाही. पाण्यातून जाणाऱ्या जड बोटीला स्वतःची एक मर्यादा असते, पाण्यावरची लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. माझी २७ फूट, वर्गमूळ ५.२, म्हणजे ७ नॉटच्या जवळ. त्याच्या पुढे बोट स्वतःच केलेल्या लाटेवर चढायला लागते, आणि तिथे तुम्ही ६० एचपी घाला नाहीतर ८०, डिझेल जळेल आणि मागे लाट मोठी होईल. डिझेलचा अंदाज असा धरा, दर एचपीला तासाला पाव लिटर. पूर्ण लिव्हरवर १० लिटर, २००० वर आणलं तर २३ एचपीच लागतात, सहा लिटरच्या आत काम, आणि स्पीड पाऊण नॉटनेच कमी. मोठ्या इंजिनाचा खरा फायदा मला मिळाला तो उलट्या वाऱ्यात परत येताना आणि नदीच्या तोंडाशी सुकतीच्या (ओहोटीच्या) ओढीला. नुसत्या स्पीडसाठी इंजिन बदलत असाल तर आधी वर्गमूळ काढून बघा, पैसे वाचतील.

पंख्यावर मारलेला नंबर घासून गेला असेल तर पिच घरी मोजता येतो, ही युक्ती मला फाउंड्रीत कळली. पंखा सिमेंटच्या सपाट जमिनीवर आडवा ठेवा. मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या ७० टक्क्यावर (१८ च्या पंख्याला ६.३ इंच) पात्यावर खडूने गोल रेघ मारा. पेपरचा काटकोन मधोमध दुमडला की ४५ अंश होतात, तो कोपरा बरोबर मध्यावर ठेवून त्या दोन कडा पात्यावर उतरवून घ्या. ज्या दोन ठिकाणी त्या खडूच्या रेघेला कापतात तिथली जमिनीपासूनची उंची मोजा, एकातून दुसरी वजा करा आणि ८ ने गुणा. ३८ मिमी फरक आला तर १२ इंच पिच, ४१ आला तर १३, साडेसत्तेचाळीसच्या पुढे गेला तर १५. म्हणजे इंचाला तीनच मिमी, तेव्हा पट्टी नीट धरा. आणि तिन्ही पाती मोजा, माझ्या त्या नवीन ओतलेल्या पंख्याचं एक पातं बाकीच्या दोघांपेक्षा पाऊण इंच पिचने वेगळं निघालं, नवीकोरी वस्तू.

ट्रायल घ्यायची कशी ह्यावर पण भांडणं होतात. जेटीला दोरी बांधून लिव्हर दाबून आरपीएम बघतात ते चालत नाही, बोट हलत नसली की पंख्यावर भार जास्त येतो आणि आरपीएम कमीच दिसणार. नदीत उथळ पाण्यात पण नको, तळ जवळ असला की बोट खाली बसते, ओढ वाढते, शापोऱ्याच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे तिथे तर मी २०० आरपीएम पडताना बघितलेत. बाहेर खोल पाण्यात जा. बोट नेहमी जशी भरता तशी भरा, बर्फाच्या ऐवजी पाण्याचे ड्रम चालतात. फोनवर जीपीएस लावा, एकदा जाताना एकदा उलटं येताना, दोन्हींची सरासरी, नाहीतर भरतीचा एक नॉट तुम्ही पंख्याच्या खात्यावर जमा कराल. सगळ्यात आधी, खरंच सगळ्यात आधी, लिव्हर पूर्ण दाबल्यावर डिझेल पंपावरचा दांडा शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते डोळ्याने बघा. आलेल्या त्या दोघांतल्या एकाचा एवढाच प्रॉब्लेम होता, केबल अर्धा इंच लांब होती, पंखा बदलायला निघाला होता माणूस. न्यूट्रलमध्ये पूर्ण दाबलं की इंजिन रेटिंगच्या थोडं वर जायला पाहिजे, २४०० वालं साधारण २६०० च्या आसपास. तेवढं न्यूट्रलमध्येच जात नसेल तर पंख्याला हातच लावू नका.

धुरावरून पण बरंच कळतं. आरपीएम कमी आणि काळा धूर, तर पंखा भारी, नाहीतर हवा किंवा एग्झॉस्ट अडकलेला, नाहीतर तळ घाण. आरपीएम कमी पण धूर नाहीच, तर डिझेल पोचत नाही, फिल्टर किंवा केबल बघा. आरपीएम भरपूर आणि बोट पुढे जात नाही, तर पंखा हलका, चावी कापलेली, किंवा पंखा हवा ओढतोय. एवढ्यावर अर्धी कामं होतात.

आणि आता ते "परत परत" वालं. सगळं ठीक झालं म्हणून नोव्हेंबरात मी निर्धास्त, डिसेंबरात एक दिवस बघतो तर धूर परत. मोजला तर २२५०. माझ्या पोटात गोळा, परत बोट वर काढायची की काय. काका पाण्यात उतरला, पंख्यावरून हात फिरवला आणि हाताचं बोट कापून घेऊन वर आला. बार्नकल, म्हणजे तळाला चिकटणारे कठीण कवचाचे छोटे प्राणी. पावसात नदीचं पाणी गोडं होतं तेव्हा ते फारसे धरत नाहीत, पाऊस गेला पाणी खारट झालं की जे सुरू होतात ते थांबत नाहीत. दोनापावलाच्या एनआयओमध्ये (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) ह्याच प्राण्यावर वर्षानुवर्षं अभ्यास चाललाय, एवढा तो चिवट. आपल्याला वाटतं तळाला धरले तर काय ते, पण पंख्यावर धरले तर त्याहून वाईट, पात्यावर थोडे जरी खडबडीत दाणे आले की पंखा पाणी कापण्याऐवजी घुसळतो. आणि झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) लावलं असेल, जे लावायलाच पाहिजे, तर ब्रॉन्झचा पंखा गंजत नाही पण त्यामुळेच त्यातलं तांबं पाण्यात सुटत नाही, मग बार्नकलना मजाच. ग्रीस फासून आठवडा जातो, जास्त नाही. मी आता दर तीन आठवड्यांनी मोठ्या सुकतीला बोट वाळूवर टेकवतो, पंखा आणि शाफ्ट खरवडतो, तास-दीड तासाचं काम. त्या दिवशी घासल्यावर परत २४०० आला, पंखा तोच, इंजिन तेच.

हा घोळ म्हणूनच दर वर्षी होतो. ऑगस्टमध्ये तळ स्वच्छ, बोट रिकामी, त्या दिवशी पंखा बरोबर २४०० ला बसवतात, मग डिसेंबरात भरलेली घाण बोट २२०० ला येते आणि मेस्त परत पंखा घासतो, पुढच्या ऑगस्टला तो हलका पडतो, मग नवा पंखा, असं फिरत राहतं. स्वच्छ रिकाम्या बोटीला रेटिंगच्या थोडा वरच ठेवा, ४०-५० आरपीएम हातात असू द्या. आणि इंजिनावरच्या पट्टीवर लिहिलेली एचपी सतत चालवायची आहे की थोड्या वेळाची ते वाचा, गाडीचं इंजिन मरीन करून घातलेलं असेल तर तो आकडा बहुतेक थोड्या वेळाचा असतो, पंख्याचा हिशेब त्यावर केला की फसलात.

आउटबोर्डवाले (इंजिन बोटीच्या मागे बाहेर टांगलेले) पण विचारतात, कोको बीचकडे डॉल्फिन दाखवायला जातात ते. त्यांचं सोपं आहे, पंखे तयार मिळतात आणि मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम दिलेला असतो, फोर-स्ट्रोकला बऱ्याचदा ५००० ते ६०००. पूर्ण पॅसेंजर भरून त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात यायला पाहिजे. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, वाढवला की तेवढेच उतरतात. ५१०० वर अडकत असेल तर दोन-तीन इंच कमी. उलट इंजिन गर्रकन फिरून कट मारत (स्वतःच फेरे तोडत) असेल तर लगेच पिच वाढवू नका, आधी पंख्याच्या आतला रबर सुटलाय का बघा, आतल्या नळीवर आणि बाहेरच्या बॉसवर मिळून एक सरळ रेघ मारा, फेरी मारून या, रेघ तुटली असेल तर रबर गेला. आणि पंख्याच्या वर इंजिनाच्या पायाला असलेली ती सपाट पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली पाहिजे, वर राहिली की पंखा हवा ओढतो. इंजिन टांगायची जुनी मागची फळी १५ इंची आणि नवं इंजिन २० इंची शाफ्टचं असं पण लोक घेऊन येतात, ते उलटं, पट्टी पाच इंच खाली जाते आणि नुसती ओढ. ॲल्युमिनियमच्या खालच्या भागाला तांब्याचा अँटीफाउलिंग (बार्नकल धरू न देणारा) रंग चुकूनही लावू नका, खाऊन टाकतो.

कागदपत्रांचं एक राहिलं, इंजिन बदललं की नोंद करून घ्या, मासेमारीची बोट असेल तर फिशरीज खात्यात, टुरिस्ट बोट असेल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. ज्यांच्या होड्या १० एचपीपर्यंतच्या आहेत आणि गिलनेटवर १ जून ते ३१ जुलैच्या बंदीतही जातात त्यांनी मोठं इंजिन घेण्याआधी हा विचार जरूर करा, दोन महिन्यांची कमाई आहे ती.

तो २० बाय १५ चा पंखा, आता घासून १९ बाय १५ झालेला, घरी नारळाखाली पडून आहे. वेगळं निघालेलं पातं सरळ करून घेतलंय आणि बॅलन्स पण केलाय, बोअर दीड इंची, टेपर १:१०, उजवा फिरतो. माझ्या हिशेबाने शाफ्टच्या १००० आरपीएमला ३४ एचपीच्या आसपास खाईल. कुणाचं ३५ चं इंजिन असेल आणि शाफ्ट तेवढाच फिरत असेल तर येऊन घेऊन जा, पण येताना तुमचा आरपीएम मोजून या, मीटरवरचा सांगू नका.